मानेचं ऑपरेशन झालं, पण त्या नसेचं काय केलं ते तर सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्षातनं दोन-चार वेळा तरी पेपरात ती बातमी असतेच, मानेच्या मणक्यावरची अवघड शस्त्रक्रिया यशस्वी, सोबत फोटो, मधे डॉक्टर, शेजारी कॉलर घातलेला पेशंट आणि मागं दाटीनं उभे नातेवाईक. मला त्यात वाईट काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं, कारण एके काळी असल्या पेशंटला महालक्ष्मी एक्सप्रेसमधे आडवं घालून मुंबईला न्यायला लागायचं आणि अजूनही काही जणांना लागतं. पण मी कोल्हापुरात राजारामपुरीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, आणि असाच पेशंट दोन-तीन महिन्यांनी कॉलर काढून माझ्यासमोर बसतो तेव्हा तो जे विचारतो त्याचं उत्तर ना बातमीत असतं ना डिस्चार्ज कार्डावर. मॅडम, डोक्याची मागची बाजू माझी नव्हंच असं का वाटतंय? नाहीतर, मानेतनं डोळ्यामागं हा करंट कशाचा मारतोय? ऑपरेशनच्या वेळी मानेतली एक नस कापली का जपली, त्यावर हे बरंचसं अवलंबून असतं, आणि हे पत्र तेवढ्यावरच आहे. लांबलंय, काटछाट केली तर हरकत नाही, पण खाली डिस्चार्ज कार्डाबद्दल लिहिलंय ते तेवढं ठेवा.

आधी थोडं समजून घ्यायला लागेल, कारण 'मानेचं ऑपरेशन' म्हटलं की लोकांना सगळं एकच वाटतं. हातात मुंग्या येतात, गादी सरकली, नस दबली म्हणून जी ऑपरेशन्स होतात ती बहुतेक मानेच्या खालच्या भागातली, पाचवा सहावा सातवा मणका. मी बोलतेय ते अगदी वरच्या दोन मणक्यांबद्दल, कवटीच्या लगेच खाली असतात ते, सी वन आणि सी टू. सी वन म्हणजे नुसती कडी आहे, आणि सी टूला वर एक हाडाचा दात असतो, त्या दाताभोवती ती कडी फिरते, जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते तशी. आपण मान डावीकडं उजवीकडं वळवतो त्यातली जवळपास निम्मी हालचाल एकट्या या जोडात होते. आणि त्याच्या आतनं मज्जारज्जू खाली जातो, तोही श्वासाचं केंद्र जिथं आहे त्याच्या अगदी जवळ. त्यामुळं हा जोड सैल झाला तर खेळ नाही. सैल कशानं होतो? आमवातानं, म्हणजे रुमॅटॉइडनं, दाताला धरून ठेवणारा पट्टा सैल पडतो. काहींचा जन्मतःच जोड नीट नसतो. कधी टीबी तिथं जाऊन बसतो. आणि अपघातात तो दात मोडतो, म्हाताऱ्या माणसांचा तर मोरीत पाय घसरून पडल्यावर पण मोडतो. ऊसाच्या सीझनला रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागनं जाऊन आदळलेली पोरं आपल्याकडं काय कमी आहेत का, त्यातल्या एखाद्याला हे असतं.

मग शर्टाची बटणं लागेनाशी होतात, चालताना झोक जातो, हातातनं भांडी पडतात. अशा वेळी बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय इलाज नसतो आणि ते टाळा असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे आधीच लिहून ठेवते नाहीतर कोणीतरी पत्राचं कात्रण घेऊन ऑपरेशन कॅन्सल करायचं.

तर हे दोन मणके मागच्या बाजूनं स्क्रू आणि रॉड घालून कायमचे जोडतात, यालाच फ्यूजन म्हणतात. पूर्वी तारेनं बांधायचे, 1939 पासूनची ती पद्धत, तार बांधायची मधे हाडाचा तुकडा ठेवायचा आणि पेशंटला महिनोन्महिने कॉलर नाहीतर डोक्याला कडं ठोकलेला सांगाडा घालून बसवायचं. आज जगभर जी पद्धत वापरतात तिची सुरुवात आपल्या मुंबईत केईएमला झालीय, डॉ. अतुल गोयल यांनी, 1994 ला त्यांचा आणि लाहेरींचा पेपर आला, 2002 मधे 160 पेशंटचा. मधल्या काळात 2001 ला जर्मनीच्या हार्म्स यांनी गोयल यांच्या प्लेटच्या जागी रॉड घालून तीच गोष्ट केली, म्हणून पुस्तकात तिला गोयल-हार्म्स म्हणतात. महाराष्ट्रात किती जणांना हे माहिती आहे कोणास ठाऊक.

आता मुद्द्याची नस. सी वन आणि सी टूच्या मधनं, बरोब्बर त्या जोडाच्या पाठीवरनं, दोन्ही बाजूला एकेक जाड नस बाहेर पडते, सी टू रूट. तिच्यावर एक चांगली मोठी गाठ असते, गँग्लियन म्हणतात, म्हणजे रोगाची गाठ नव्हे, सगळ्यांनाच असते. सी वनला स्क्रू जिथं घालायचा ती जागा नेमकी या गाठीच्या मागं लपलेली. आजूबाजूला बारीक शिरांचं जाळं, हात लागला की भसाभस रक्त येतं. सर्जनपुढं मग दोन रस्ते. एक, नस खाली ओढून धरायची, जपायची, आणि तिच्या वरनं स्क्रू घालायचा. दोन, नस कापून टाकायची, मग जोड उघडा दिसतो, आतला कूर्चा खरवडता येतो, हाड भरता येतं, रक्त कमी जातं, वेळ कमी लागतो. गोयल यांच्या पद्धतीत नस कापायचे, हार्म्स यांच्या पद्धतीत खाली ओढून ठेवायचे. दोघंही मोठे लोक, दोघांचेही पेशंट बरे झाले.

नस कापतात म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो, की आता हात लुळा पडणार. तसं नाहीये. ही नस हाताला जातच नाही. तिचं मुख्य काम म्हणजे डोक्याच्या मागच्या भागाची जाणीव, मानेच्या खळीपासून वर टाळूपर्यंत, थोडी कानामागं. मानेतल्या एखाद-दुसऱ्या छोट्या स्नायूला फांदी जाते, बाकी सगळी स्पर्शाचीच. त्यामुळं कापली तर तेवढा पट्टा बधीर होतो. जपली तर स्पर्श राहतो, पण ओढल्यामुळं किंवा स्क्रूचा आटा घासल्यामुळं ती चिडण्याची शक्यता राहते, आणि चिडलेली सी टू म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. मानेतनं कळ निघते ती डोक्यावरनं डोळ्यामागं, केसाला हात लावू देत नाही. कापलेल्यांपैकी पण काहींना दुखतंच, तुटलेल्या टोकामुळं, म्हणून काही सर्जन गाठीच्या अलीकडं, मज्जारज्जूच्या बाजूनं कापतात. आणि जपणारे काही सर्जन सी वनचा स्क्रू जरा वरनं, मागच्या कमानीतनं घालतात, कमान तेवढी जाड असेल तर, नाहीतर वरचा भाग गुळगुळीत असलेला स्क्रू वापरतात, आटे फक्त हाडात. म्हणजे बघा, किती विचार करण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि यातली एकही पेशंटच्या कानावर नसते.

माझ्याकडं शिरोळकडनं एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, आमवाताच्या. दोन्ही बाजूच्या नसा कापलेल्या असणार, कारण मागचा सगळा पट्टा बधीर, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर पहिल्यांदा न्हायला बसल्या, सून पाणी ओतत होती, पाणी जास्त कढत होतं ते खांद्यावर आल्यावर कळलं. "डोस्क्यावर पानी पडतंय का न्हाई त्येच कळंना झालंय मला" असं म्हणत रडल्या, पाण्यानं भाजलं म्हणून नव्हे, आपल्याला अर्धांगवायू होतोय आणि घरचे लपवतायत अशी त्यांची खात्री झाली म्हणून. आठवडाभर नीट झोपल्या नाहीत. त्यांना एवढंच सांगायला पाहिजे होतं की आजी, हे होणार होतं, ठरवून केलंय, हळूहळू सवय होईल, पट्टा थोडा लहान पण होईल कदाचित, तोवर पाणी हाताच्या कोपरानं बघा, आकडा रुतला तर कळणार नाही म्हणून वेणी घालताना सुनेला बघायला सांगा, केस रंगवत असाल तर जपून. दोन मिनिटं लागतात. सहा महिन्यांनी त्या हसत म्हणाल्या काय होत न्हाई आता, उशी हाय का दगड हाय कळत न्हाई एवढंच.

दुसरा एक पोरगा, एमआयडीसीत कामाला, गाडीवरनं पडलेला. याची नस बहुतेक जपलेली, कारण स्पर्श सगळा होता, पण उजव्या बाजूनं करंट मारायचा, हेल्मेट घातलं की हमखास. प्रीगॅबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, चालू होतं, त्यानं दुखणं थोडं कमी पण झापड येते, आणि हा मशीनवर उभा राहणारा माणूस. घरच्यांचं म्हणणं ऑपरेशन फेल गेलं. फेल कुठलं, हाड मस्त जुळलेलं, हातात ताकद परत आलेली. पण त्याला कोण सांगणार की हे या नसेचं दुखणं आहे, याला नसेभोवती इंजेक्शन देऊन ती बधीर करता येते, ब्लॉक म्हणतात त्याला, स्क्रू घासतोय का ते सीटी काढून बघता येतं, अगदीच नाही ऐकलं तर पुढं नसेचं पण काहीतरी करता येतं. तो आपला गावातल्या एकाकडं मान चोळून घेत होता. फ्यूजन केलेली मान! मला ऐकून घाम फुटला.

आता या दोघांपैकी कोण जास्त सुखी असं विचारलं तर मी म्हणेन ती बाई. पण एखादा रागानं म्हणेल की मला दुखलं तरी चालेल पण माझं डोकं माझं मला कळलं पाहिजे, त्याचंही बरोबरच. फेटा बांधणारा, डोक्यावरनं वैरणीचा भारा आणणारी (फ्यूजननंतर भारा आणायचाच नाही हे वेगळं), रात्रपाळी करणारा, आमच्या तालमीतला पैलवान, प्रत्येकाचा हिशोब निराळा. त्यात भर म्हणजे मान निम्मी वळत नाहीच, नस जपा नाहीतर कापा. दसरा चौकात गाडीवरनं मागं बघायचं म्हटलं तर अख्खं अंग वळवायला लागतं, म्हणून मी सगळ्यांना आधी गाडीला दोन्ही आरसे लावून या मग व्यायाम शिकवते म्हणून सांगते. आरसे काढून फिरणाऱ्या आपल्या गावात हे सांगणं म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना कळेल.

डॉक्टर लोक म्हणतील, मॅडम यावर अभ्यास झालेत, क्वालिटी ऑफ लाइफमधे फार फरक पडत नाही. झालेत, मी पण वाचते. दोन्ही बाजूचे पेपर आहेत, काहींत जपलेल्यांना दुखणं जास्त, काहींत कापलेल्यांना, बधीरपणा कापलेल्यांत जास्त हे तर उघडच आहे, आणि पेशंट तसे थोडेच असतात प्रत्येक अभ्यासात. पण क्वालिटी ऑफ लाइफ मोजतात कशी ते बघा. मानेसाठी एक फॉर्म जगभर वापरतात, नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, 1991 पासूनचा, दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच मार्क. त्यात वेदना आहे, अंघोळ-कपडे आहे, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, काम, गाडी चालवणं, झोप, करमणूक. फॉर्म चांगलाय, मी पण भरून घेते. पण डोक्याच्या मागं बधीर वाटतं का हा प्रश्नच त्यात नाही. शिरोळच्या बाईंनी तो फॉर्म भरला तर झकास मार्क पडतील. मग फरक पडत नाही असंच येणार ना उत्तर. दुखणाऱ्या पोराचं मात्र डोकेदुखीत, झोपेत, कामात सगळीकडं दिसणार. म्हणून फॉर्मातल्या आकड्यावर एकदम कोणी निकाल लावू नये असं मला वाटतं, एवढंच.

आणि यात अजून एक गोम आहे. कापायचं का जपायचं हे ठरवतो सर्जन. तो पेशंटला बघतो तीन महिने, फार तर सहा, एक्सरेत हाड जुळलं की विषय संपला, आणि मुंबई-पुण्याचा सर्जन असेल तर पेशंट पुढं जातच नाही, कोण एवढा खर्च करून सुट्टी काढून बधीर डोकं दाखवायला जाईल. त्यामुळं त्याला खरंच वाटत असतं की सगळे मजेत आहेत. आणि ज्यांच्यापुढं ही माणसं वर्षानुवर्षं येतात, आम्ही, गावातले फॅमिली डॉक्टर, सलूनवाले सुद्धा, आम्हाला आत काय केलंय ते माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर काय असतं? सी वन सी टू फ्यूजन, पेशंट स्टेबल, टाके अमुक दिवसांनी. बास. नस ठेवली का कापली, एका बाजूची का दोन्ही, एक अक्षर नाही. आता माझं काम यावर अडतं हो. नस कापलेली असेल आणि पट्टा बधीर असेल तर मी पेशंटला धीर देते आणि पुढं जाते. नस जपलेली असेल आणि चौथ्या महिन्यात नव्यानं बधीर व्हायला लागलं तर मी त्याला त्याच दिवशी परत सर्जनकडं पाठवीन, कारण तिथं काहीतरी हललंय. बाहेरनं दोघं सारखेच दिसतात. कार्डावर 'उजवी सी टू कापली, डावी ठेवली' अशी एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? ऑपरेशन नोटमधे ती बहुतेक वेळा असतेच, फक्त ती नोट फाइलमधे राहते आणि फाइल रेकॉर्ड रूममधे.

आधी सांगण्याचं तर बोलायलाच नको. आदल्या रात्री इंग्लिश फॉर्म, सही करा, इथं इथं आणि इथं. सगळीकडं असंच असतं असं नाही, काही सर्जन हाडाचं मॉडेल घेऊन नातेवाईकांना तासभर समजावतात, त्यांना माझा नमस्कार आहे. पण सुप्रीम कोर्टानं 2008 मधे समीरा कोहली खटल्यात स्पष्ट म्हटलंय की नुसती सही म्हणजे संमती नव्हे, काय करणार, त्यात धोका काय, दुसरा पर्याय काय, हे पेशंटला पुरेसं सांगितलं पाहिजे. नस कापणार हे त्यात बसत नाही का? कधी कधी आत गेल्यावरच ठरतं, रक्त थांबेना, जोड उघडेना, तर कापायला लागते, आणि अशा वेळी सर्जनचा हात कोणी धरू नये, पण शक्यता तर आधी सांगता येते. महात्मा फुले योजनेतनं फुकट ऑपरेशन होतंय म्हणून पेशंटनं विचारायचं नाही असा पण एक समज आहे आपल्याकडं, तो कोणी पसरवला माहीत नाही. फुकट असलं तरी डोकं त्याचंच आहे.

तर आपल्या पेपरला दोन विनंत्या. एक, पुढच्या वेळी असली बातमी घेताना वार्ताहराला सांगा की डॉक्टरांना विचार, सी टू नसेचं काय केलं आणि का केलं. चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडेल, खरंच सांगते, त्यांना मशीन कितीचं आहे यापेक्षा हे सांगायला जास्त आवडतं. आणि जमलं तर वर्षभरानं त्याच पेशंटच्या घरी जाऊन या, पेढ्याचा फोटो नको, अंघोळ कशी करता, झोप कशी लागते, गाडी चालवता का तेवढं विचारा. दुसरी, आरोग्याच्या पुरवणीत वजन कमी करण्याचे उपाय दर आठवड्याला असतात, त्यातला एक आठवडा सीपीआर म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलमधल्या किंवा मिरजेच्या एखाद्या न्यूरोसर्जनला द्या आणि मराठीत लिहून घ्या यावर. त्यांना माझं म्हणणं पटलं नाही तर तसंही लिहू देत.

ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांनी हॉस्पिटलला साधा अर्ज करून ऑपरेशन नोटची कॉपी मागा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे, मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यायला लागतं. कॉपीवर सी टू रूट शोधा, पुढं सॅक्रिफाइस्ड किंवा सेक्शन्ड असेल तर कापलीय, प्रिझर्व्ड किंवा रिट्रॅक्टेड असेल तर ठेवलीय, नाही कळलं तर कुठल्याही फिजिओला दाखवा. करंट मारत असेल तर गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करू नका आणि मान कोणाकडनं चोळून, ओढून, मोडून घेऊ नका. ती कॉपी फोनमधे फोटो काढून ठेवा, मुलाच्या पण फोनमधे ठेवा, पुढं कधी एमआरआयला जायची वेळ आली तर तिथं पण पहिला प्रश्न तोच विचारतात, आत काय घातलंय.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
राजारामपुरी, कोल्हापूर